आईच्या कॉम्प्युटरची राखण

माझ्या धाकट्या बहिणीला जन्मापासून ऐकू येत नाही. लग्न होऊन ती गेवराईला गेली, आई-अण्णा धारूरला राहिले आणि मधे अख्खा बीड जिल्हा आडवा पडला. आईला घाटात गाडी लागते. लिंबू हुंगवा, आलेपाक चघळायला द्या, खिडकीशी बसवा, मांजरसुंबा येईपर्यंत तिचा चेहरा उतरलेलाच असतो. त्यामुळे उठसूट लेकीकडे जाणं तिला जमत नाही आणि फोन लावून ‘काय गं, कशी आहेस’ म्हणायची सोय नाही. लोक घरात कॉम्प्युटर कशाकशासाठी आणतात. आमच्याकडे तो मायलेकींना बोलता यावं एवढ्यासाठी आला.

त्या दोघींची भाषा आमच्या गिरणीत जन्मली. अण्णांची पिठाची गिरणी घराला लागूनच आहे. पट्टा फिरायला लागला की शेजारी उभ्या माणसाचं बोलणंही कळत नाही, म्हणून तिथं सगळेच हातांनी बोलतात. अंगठा आणि बोट चोळलं की बारीक दळा. मूठ हलवली की भरडा. तळवा उभा धरला की थांबा. आईच्या हाताशी अशा पाच-पन्नास खुणा आधीपासूनच होत्या. बहिणीला ऐकू येत नाही हे कळल्यावर ती रडली असेलही, मी लहान होते, मला आठवत नाही. मला आठवतं ते हे की तिनं गिरणीतलं बोलणं उचलून घरात आणलं आणि रोज त्यात भर घालत गेली. पुढे बहीण बीडला निवासी शाळेत खुणांची रीतसर भाषा शिकली, थोडं लिहायलाही शिकली. पण सुट्टीत घरी आली की ती शाळेतली भाषा चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायची.

त्या भाषेत अण्णा म्हणजे मिशीवरून फिरलेलं बोट. गेवराई म्हणजे गोदावरीचं वाहतं पाणी. मी म्हणजे गोळा केलेल्या भुवया आणि नाचवलेलं बोट. मी रागीट आहे असं त्यांचं म्हणणं. यावर मी पुष्कळदा चिडले आणि चिडल्यावर दोघी एकमेकींकडे बघून तीच खूण करतात, त्यामुळे आता सोडून दिलं आहे.

मोबाईलवर का बोलत नाहीत, असं सगळे विचारतात. मोबाईल आहे की. पण एका हातात मोबाईल धरला की आईचं अर्धं बोलणं बंद. तांब्याला टेकवून बघितला, तो घसरतो. शिवाय मोतीबिंदू काढल्यापासून तिला लांबचं झकास दिसतं, पण एवढ्याशा पडद्यावर लेकीची बोटं काही केल्या कळत नाहीत. म्हणजे मोबाईलवर आईला निदान अर्धं बोलता येतं, पण ऐकू येत नाही. आमच्या घरात हे दोन शब्द असेच वापरतात.

बीडला माझ्या ऑफिसातले जुने कॉम्प्युटर काढले तेव्हा त्यातला एक मी मोठ्या पडद्यासकट घेतला, वर कॅमेरा बसवला आणि धारूरच्या घरी बैठकीत टेबलावर मांडला. बहिणीच्या घरी तिच्या नवऱ्यानं तसाच एक आणला. तोही कर्णबधिर आहे, शिवणकाम करतो, हात चालवण्यात त्याला कुणी हरवायचं नाही. तेव्हापासून संध्याकाळी गिरणीचा पट्टा थांबला की आई तोंडावर पाणी मारते, केस सारखे करते आणि पडद्यासमोर बसते. गप्पा झाल्या की दोघी आपापल्या ठिकाणी टीव्हीवर एकच मालिका लावतात. आवाज बंद करून. मालिकेतली माणसं काय बोलत असतील ते या दोघी ठरवतात. मी एकदा आवाज चालू करून बघितला, तर मूळ गोष्ट यांच्या गोष्टीपेक्षा फारच रटाळ निघाली.

घोटाळा त्या मालिकांनीच केला. लाईट गेली की भाग बुडायचा, मग आई तो फुकटात कुठं सापडतो ते शोधत बसायची. अशा ठिकाणी गेलं की कोपऱ्यात एक चौकट येते आणि नम्रपणे विचारते, सूचना दाखवायची परवानगी आहे का? खाली दोन बटणं. एकावर ‘परवानगी द्या’, दुसऱ्यावर ‘नको’. आई चौथीपर्यंत शिकलेली, सावकाश वाचते, पण वाचते. तिनं वाचलं आणि परवानगी दिली. पुढच्या ठिकाणी परत दिली. तिसऱ्या ठिकाणीही दिली.

मी एका शनिवारी धारूरला गेले तर पडद्याचा नुसता बाजार झालेला. एका कोपऱ्यातून केस वाढवणारं तेल, दुसऱ्या कोपऱ्यातून कर्ज, मधूनच कुणीतरी बाई हात हलवत ‘तुम्ही जिंकलात’ म्हणणारी. एक बंद करावं तर दोन उगवत होती. माझं डोकं फिरलं.

“आई, हे सगळं कुणी आत घेतलं?”

“मीच की,” आई शांतपणे म्हणाली. “ते इचारायलं, येऊ का म्हून. न्हाई कसं म्हनायचं? न इचारता घुसलं आसतं तर मुस्काटात दिली आसती.”

“अगं, ती माणसं नाहीत! जाहिराती आहेत!”

“आसंनात. दारात येऊन इचारलेल्याला न्हाई म्हनायची रीत हाय का आपल्यात?”

आमच्या घरी खरंच तशी रीत नाही. गिरणीवर दळण घेऊन आलेला माणूससुद्धा चहा घेतल्याशिवाय जात नाही. कपाळावर हात मारून मी त्या सगळ्या पाहुण्यांना एकेक करून काढलं, ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन परवानग्या रद्द केल्या, आईला चार गोष्टी सुनावल्या आणि बीडला परतले. आई ‘हो, हो’ म्हणाली. तिचं ‘हो, हो’ मला कळायला हवं होतं, पण असो.

त्यानंतर आला तो पाहुणा निराळा होता. तो पडदाभर लाल पाटी घेऊन आला. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला आहे, ताबडतोब इथं दाबा, आम्ही साफ करून देतो. आता आमच्या गल्लीत कुणी ओरडत आलं की ‘तुमच्या घरात साप शिरला’, तर आपण त्याला आधी ओळखपत्र विचारतो का? दार उघडतो, काठी देतो, वर पाणी विचारतो. आईनं तेच केलं. दाबलं, उतरवून घेतलं, जे जे मागितलं त्याला ‘बरं’ म्हटलं. लेकीच्या घरातही किडा नको, म्हणून तोच दुवा बहिणीलाही पाठवून दिला. बहिणीनं आईचं ऐकलं.

पुढे काही दिवसांनी अण्णा गिरणीतून पाणी प्यायला घरात आले. आई बैठकीत खाली बसून केसांना तेल लावत होती. पदर बाजूला पडलेला, मोकळे केस पुढे घेतलेले. कॉम्प्युटरसमोर कुणी नव्हतं, बहिणीशी बोलणंही चालू नव्हतं. पण पडद्यावरच्या कॅमेऱ्याचा हिरवा दिवा लागलेला होता.

मला फोन आला. अण्णा कधी फोन करत नाहीत, म्हणून मी घाबरूनच उचलला.

“क्यामेऱ्याचा दिवा लागलाय,” अण्णा म्हणाले. “तू लावला का तिकडून?”

“नाही, अण्णा.”

मग वायरी उपटल्याचा आवाज आला. त्यांनी सगळ्या उपटल्या, कॉम्प्युटरच्या तर उपटल्याच, शेजारी मिक्सरची होती तीही उपटली. नंतर पडदा आणि डबा गोधडीत बांधून माळ्यावर टाकला आणि जाहीर केलं की हे धूड आता या घरात चालू व्हायचं नाही, भंगारवाला आला की त्याला देऊन टाकायचं.

मी पुढच्या सुट्टीला गेले आणि त्यांच्याशी तावातावानं भांडायच्या बेतातच गेले. पण ते बोलले ते ऐकून माझं भांडण तिथंच राहिलं.

“मपली लेक तेच्यात दिसती रोज,” ते म्हणाले. “आयशी बोलती तवा तिचं ध्यान आसतं का पदराकडं? हसती, नाचती, काय बी करती. ते कुनी बगावं? कुठं बसून बगावं? मला न्हाई चालायचं.”

अण्णांचं काही चुकत नव्हतं. फार बोलणारा माणूस नाही, लाड करणारा तर त्याहून नाही, पण त्या दिवशी पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवयांखाली त्यांचे डोळे लाल झालेले मी पाहिले आणि मला ते फार आवडले. फक्त त्यांचं म्हणणं बरोबर असण्याची किंमत आईनं मोजायची होती. त्या संध्याकाळी पट्टा थांबला. आईनं सवयीनं तोंडावर पाणी मारलं, केस सारखे केले आणि रिकाम्या टेबलासमोर जाऊन बसली. बसल्यावर तिच्या लक्षात आलं. मग टेबलच पुसायला आली आहे असं दाखवत ती फडकं शोधायला लागली.

बहिणीचे मोबाईलवर संदेश येत होते. तिचं लिहिणं असं तुटक असतं. “आई बघायचं. कॉम्प्युटर कधी. लवकर.” मी उलट लिहिलं, तुझाही कॉम्प्युटर बंदच ठेव, काय सांगायचं ते मला सांग, मी आईला सांगते. तिचं उत्तर आलं, “तुला नाही. आई.” राग आला, पण तिला तिच्या आईशी बोलायचं होतं आणि त्या भाषेत बोलणारी दुनियेत एकच बाई आहे. मी म्हणजे त्या भाषेतली कच्ची विद्यार्थिनी. भुवया गोळा करण्यापुरती.

मी माळ्यावरून गोधडी खाली काढली. अण्णा खुर्ची ओढून समोर बसले, चोर पकडून आणल्यावर पोलीस बसतात तसे. आधी इंटरनेट तोडलं, मगच कॉम्प्युटर चालू केला. आत तो साफसफाई करून देणारा सज्जन बसलेलाच होता आणि त्याच्या पाठीमागं त्याचा एक जोडीदार. लांब कुठंतरी बसलेल्या माणसाला आमचा कॉम्प्युटर आपला असल्यासारखा चालवू देणारा. कुणी खरंच बघितलं का, काय बघितलं, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही माहीत नाही. असल्या गोष्टीत न कळणंच जास्त सलतं. फोटो तेवढे पेनड्राइव्हवर काढून घेतले आणि बाकी सगळं पुसून कॉम्प्युटर कोरा केला. सगळे पासवर्ड माझ्या मोबाईलवरून बदलले. अपडेट चालू केले, अँटिव्हायरस लावला, जाहिराती अडवणारं एक साधन ब्राउझरला जोडलं, परवानगी मागणाऱ्यांचं तोंडच बंद केलं. आईसाठी वेगळं खातं उघडलं. त्यातून नवीन काही उतरवायचं तर पासवर्ड लागतो आणि तो पासवर्ड अण्णांकडे.

“झालं,” मी म्हटलं. “आता शिरायला जागा नाही.”

अण्णांनी मिशीवरून हात फिरवला. “यंत्र सुधारलं. मानूस सुधारला का? उद्या नवीन तऱ्हेनं कुनी इचारायला आलं, तर ही परत या म्हनल. आन् तिकडं लेकीच्या घरी तीच घान हाय. ती समजंस्तवर हे चालू व्हायचं न्हाई.”

मी चिडले, पाय आपटले, पण म्हणणं खोटं नव्हतं. कुलूप कितीही भारी लावा, आतला माणूसच कडी काढत असेल तर काय उपयोग? आई चूल पुसता पुसता ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीवर गर्दी होती. पायरीवर एक डबा कधीचा पडून होता. आईनं उचलला, झाकण उघडलं, आत ज्वारी होती. तिनं डबा वर धरला आणि सगळ्यांकडे बघून मान हलवली, कुणाचा? कुणीच हो म्हणेना. रांगेतली एक बाई ओरडली, “दळून टाका की मावशी, येईल नेणारा.” आईनं तळवा उभा धरला आणि डबा बाजूला सरकवून ठेवला. मालक समोर नसलेला डबा ती गिरणीत कधीच ओतत नाही. आत खडा असेल, ओलं धान्य असेल, तळाशी कुणी हळकुंडं बांधून टाकली असतील, एका डब्यानं जातं बसतं आणि मागच्या सगळ्यांचं पीठ नासतं. ही गोष्ट मी लहानपणापासून बघत आले आहे, मला तिच्यात काहीच विशेष वाटलं नाही. पण आई डब्यावरचा हात न काढता तशीच उभी राहिली. मग सरळ माझ्याकडे आली आणि पट्ट्याच्या आवाजाहून मोठ्यानं ओरडून म्हणाली,

“आगं, ते दार न्हाई! ती गिरणी हाय!”

“काय?”

“तुजं ते कॉम्प्युटर! मी त्याला घराचं दार समजत हुते. दारातल्याला न्हाई म्हनता येत न्हाई. गिरणीत येतंय की! कुनाचं हाय, काय हाय, कुनी पाठीवलं, हे कळल्याबिगर मी पायली ओतत न्हाई. मग तिथं कावून वतायले?”

मी सांगते, ऑफिसात आम्हाला या विषयावर शिकवायला लोक येतात. चांगले लोक असतात, मन लावून शिकवतात. पण आईनं ही जी जागा बदलली, दारातून उचलून कॉम्प्युटर गिरणीत नेऊन ठेवला, त्यानं तिचा सगळा स्वभावच तिच्या बाजूनं उभा राहिला. दारात ती मेणाहून मऊ असते. गिरणीत तिला आमदार आला तरी रांगेत उभं करते. मला तिला मिठी मारावीशी वाटली, पण तिच्या अंगभर पीठ होतं आणि मी बीडला जायची साडी नेसले होते. तरी मारली.

राहिली गेवराई. तिथं मी गेले आणि बहिणीला समजवायला बसले. तुझा कॉम्प्युटर पुसायचा आहे, आत हेर आहे. हेर कसा सांगायचा? मी भिंतीला कान लावून दाखवला. ती बघत राहिली. मग तिनं विचारलं, भिंतीला कान लावून काय होतं? आम्ही दोघी हसलो, पण हसून कामाचं काय? कान देऊन ऐकणं हा गुन्हा असू शकतो, हे तिनं कशावरून ओळखावं? कागदावर ‘हेरगिरी’ लिहिलं तर ती शब्दाकडे बघून खांदे उडवायला लागली. ‘चोर’ लिहिलं तर तिनं घरभर नजर फिरवली. काहीच गेलेलं नव्हतं.

शेवटी धारूरला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे मोबाईल अण्णांनी दोन्ही हातांत, हात लांब करून धरला आणि आईचे दोन्ही हात मोकळे झाले. इकडे मी माझा मोबाईल बहिणीपुढे धरला. तिची नजर घारीसारखी, छोट्या पडद्यावरही तिला सगळं कळतं. आईनं आधी हातांनी हवेत न्हाणी काढली, चार बाजूंनी पत्रे. मग आत बसून अंगावर पाणी घेणारी बाई. मग पत्र्यातली फट. आणि मग त्या फटीला लागलेला एक डोळा.

बहिणीचा चेहरा पालटला. ती उठली, खुंटीवरची ओढणी ओढली आणि बंद करून ठेवलेल्या कॉम्प्युटरवर फेकली, कॅमेऱ्यासकट सगळा पडदा झाकून टाकला. ओढणीची टोकंसुद्धा खाली खोचली. मग परत मोबाईलसमोर येऊन तिनं विचारलं, आत कसा आला? आईनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला, मी घेतला. लपवालपवी नाही, आडवळण नाही. आणि लगेच पुढची खूण, पायरीवरचा डबा, झाकण उघडलं, वर धरला, मान हलवली, कुणाचा? आणि तळवा उभा. बहिणीला एवढं पुरलं. तिचं सगळं लहानपण त्या पायरीवर गेलं आहे. तिनं तीच खूण उलट करून दाखवली आणि आईनं खूश होऊन मान डोलावली. एवढी अवघड गोष्ट एवढ्या लांबून, एक अक्षर न वापरता पोचवणारी बाई माझी आई आहे, याचा मला त्या क्षणी इतका अभिमान वाटला की मी मोबाईल सोडून टाळ्या वाजवायला निघाले आणि बहिणीनं मला तो नीट धरायला सांगितलं.

मग बहिणीनं आईला काहीतरी सांगायला हात उचलले. आई डोळे बारीक करून पुढे वाकली. काय? परत सांग. बहिणीनं परत सांगायला सुरुवात केली. आईनं अण्णांना मोबाईल जवळ आणायला लावला, मग लांब न्यायला लावला, चष्मा घातला, काढला. नाही कळत, तिनं मान हलवली. बहिणीनं हात खाली घेतले. मी सांगू का, म्हणून विचारलं तर तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आईला म्हणाली, मोठ्या पडद्यावर सांगते. अण्णांनी हे सगळं मोबाईलच्या मागून पाहिलं असणार, कारण त्यांचा आवाज आला, “पूस बाई तिथलं लवकर. आन् ये.”

मी तो कॉम्प्युटर तिथल्या तिथं पुसला, धारूरच्या कॉम्प्युटरला केलं ते सगळं त्यालाही केलं. मधल्या काळात बहिणीनं मला बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खायला घातली आणि काही विचारलं की नुसती हसत राहिली.

आता आमच्या बैठकीत कॉम्प्युटर परत टेबलावर आहे. कॅमेऱ्यावर आईची एक टिकली चिकटवलेली असते. लेकीशी बोलायचं असलं की ती टिकली काढून आई कपाळाला लावते, बोलणं संपलं की परत कॅमेऱ्याला. चौकट कुठलीही येवो, आई तिला पायरीवरच उभी करते. एकदा खरोखरचं अपडेट आलं तर त्यालाही तिनं ताटकळत ठेवलं, अण्णांना गिरणीतून बोलावलं, अण्णांनी मला फोन केला, मी ‘आपलंच आहे, येऊ द्या’ म्हटलं, तेव्हा कुठं त्याला आत घेतलं. आईनं त्याची क्षमाही मागितली. जाहिराती जवळपास बंद झाल्या आहेत. क्वचित एखादी घुसलीच तर आई तिच्याकडे बघून हाताचा तळवा उभा करते आणि मगच ती बंद करते. नुसती बंद केली तरी चालतं हे मी सांगून पाहिलं.

पण मला सांगायचं आहे ते पहिल्या संध्याकाळचं. अण्णांनी स्वतः वायरी जोडल्या. पट्टा लवकर थांबवला होता, गिऱ्हाइकांना उद्या या म्हणून सांगितलं होतं. आई बसली. मी तिच्या शेजारी. पडदा उजळला आणि पलीकडे बहीण दिसली, भली मोठी, बोटाबोटापर्यंत स्पष्ट. आईनं लेकीला डोक्यापासून बोटांपर्यंत न्याहाळून घेतलं.

मग बहिणीनं दोन्ही तळवे पोटावर ठेवले, फुगवून पुढे आणले आणि तिथंच एक झोका दिला.

ही खूण मला कुणी शिकवलेली नव्हती, पण मलाही कळली. आईच्या तोंडून आवाज फुटला. दारात अण्णा उभे होते, “काय म्हनतीय? आगं काय म्हनतीय?” आई मागं न बघता म्हणाली, “आजा व्हायलात तुमी.” अण्णा तिथंच उंबऱ्यावर बसले आणि त्यांनी पिठाच्या हातानं डोळे पुसले. आईचे हात तर थांबेचनात. काय खातेस, उलट्या होतात का, शिलाई मशीनवर वाकून बसू नको, पाणी उचलू नको, सगळं एकदम. बहीण हसत होती, हो-नाही करत होती.

मग तिचे हात सावकाश झाले. तिनं सांगितलं की सासरी, शेजारी, सगळे एकच गोष्ट विचारतात. तिच्याकडे बघतात, नवऱ्याकडे बघतात, मग पोटाकडे बघतात. तिनं बोट कानाकडे नेलं, पोटाकडे आणलं आणि तिथंच थांबवून आईकडे पाहत राहिली. बाळाला ऐकू येईल का?

मला पडद्याकडे बघवेना. आई मात्र जराही अडखळली नाही. भाजीत मीठ किती घालू असं लेकीनं विचारावं, इतक्या सहज तिनं हात उचलले.

“ऐकू आलं तर येऊ दे,” ते हात म्हणाले. “त्यात काय घाबरायचं? आपण आहोत की. शिकवू त्यालाही बोलायला.”